रिक्षातून फिरणारा माझा आवाज

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर टाकली की मी घरी येऊन आधी वांगी चिरून पाहते. माझा नवरा सरकारी कार्यालयात बाबू आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी वाचतो, पण तो म्हणतो की तुझ्याएवढी चौकशी आमच्या खात्यातही कोणी करत नाही. खरंच आहे ते. आणि तरीही एक माणूस मला गोड बोलून माझा आवाज घेऊन गेला.

आवाज म्हणजे माझी वरकमाई. सकाळी मी एका खाजगी शाळेत शिकवायची. तिथला पगार असा, की सांगायलाही लाज वाटावी. दुपारनंतर रेकॉर्डिंगला जायची. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि गावात दुकानांचं पेवच फुटलं. ज्याला त्याला लोकांना बोलवायचं होतं. कोणाचा साड्यांचा सेल, कोणाचा कोचिंग क्लास, कोणाचा दातांचा दवाखाना. ऑटोरिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधायचे, आत रेकॉर्डिंग लावायचं आणि रिक्षा पाऱ्यापाऱ्यातून, म्हणजे वस्तीवस्तीतून, फिरवायची. त्यातला 'खुशखबर, खुशखबर, खुशखबर' म्हणणारा बाईचा आवाज बहुतेक वेळा माझा असायचा.

या आवाजाची सुरुवात मात्र दुकानात झाली नाही, ती बीरगांवच्या बुद्धविहारात झाली. माझे वडील विदर्भातून रायपूरजवळच्या उरला नावाच्या भागातल्या कारखान्यात कामाला आले आणि आम्ही बीरगांवात वाढलो. शेजारी एक मावशी राहायची. सख्खी नाही, पण माझ्या आईनं जेवढं मला रागावलं नसेल तेवढं तिनं रागावलं. विहारातला माईक तिच्या ताब्यात. जयंतीचा कार्यक्रम, वर्षावासातलं प्रवचन, भोजनदान, कोणाच्या घरी मयत झाली तर शोकसभा, नळाला पाणी किती वाजता येणार, सगळं त्या माईकवरून सांगितलं जायचं. मी शाळेत होते तेव्हा एकदा मावशीचा घसा बसला आणि तिनं मला पाठीत धपाटा घालून माईकसमोर उभं केलं.

पण त्याआधी तिनं मला घरोघर पाठवलं. हा आमच्या विहाराचा रिवाज होता. माईकवर जो बोलणार, त्यानं आधी स्वतः जाऊन पाहून यायचं. भोजनदान आहे म्हणायचं तर चूल पेटलेली पाहून यायचं. कोणी गेलं म्हणायचं तर त्या दारात स्वतः जायचं, घरच्यांना विचारायचं, मग बोलायचं. कोणी चिठ्ठी आणून दिली आणि वाचून टाकली, असं चालत नव्हतं. मावशी म्हणायची, पाहून ये, मंग बोल. त्यामुळे आमच्या पाऱ्यात माईकवर ऐकलेल्या गोष्टीची कोणी खातरजमा करत नसे. भोजनदानाचं ऐकलं की लोक हात धुऊन निघायचे.

पुढे माझं लग्न झालं, मी रायपुरात आले. एका जयंतीच्या कार्यक्रमात मी सूत्रसंचालन केलं. भोंगे भाड्यानं देणाऱ्यानं ते ऐकलं आणि तोच मला पुरानी बस्तीतल्या रेकॉर्डिंगवाल्याकडे घेऊन गेला. जुन्या घराचा वरचा मजला, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी बंद, आणि रेकॉर्डिंग सुरू असताना पंखाही बंद. मे महिन्यात त्या खोलीत बसून 'ठंडी-ठंडी कूल बचत' म्हणायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मधेच खालच्या देवळात घंटा सुरू झाली की सगळं थांबायचं. मग आम्ही बाहेर येऊन चहा प्यायचो.

रेकॉर्डिंगवाला वयानं माझ्याहून लहान, मी त्याला भैया म्हणायची आणि तो मला दीदी. बोलायला असा गोड, की मला पहिल्या दिवसापासून तो आवडला नाही. त्यानंच मला ब्रँडचं वेड लावलं. म्हणाला, दीदी, तुम्ही मजुरी करून राहिल्या, नाव करा, आजकाल नाव विकलं जातं. मी विचारलं, आवाजाला कुठं नाव असतं? रिक्षातून कोणी सांगत नाही की ही अमुक बाई बोलते. तर म्हणाला, म्हणूनच तर कार्ड छापा.

मी छापलं. गुलाबी कागदावर नाव, मोबाइल नंबर आणि खाली 'प्रचार-प्रसार हेतु मधुर एवं विश्वसनीय आवाज़'. विश्वसनीय हा शब्द माझा. नवरा हसला, म्हणाला, जी बाई कोणावर विश्वास ठेवत नाही तिनं हे लिहावं. पण कार्डं खपली. किराणा दुकानात, डॉक्टरच्या टेबलावरच्या काचेखाली, पानठेल्यावर, जिथं जाईन तिथं एक सोडून यायची. लोक फोन करू लागले. माझी मुलगी माझ्याशी हिंदीतच बोलते, तिनं एकदा विचारलं, मम्मी, रिक्षे में इतना मीठा बोलते हो, घर में क्यों नहीं? मी म्हटलं, रिक्षावाल्याला भांडी घासायला सांगावी लागत नाहीत.

मग एक दिवस भैया म्हणाला, दीदी, आज जाहिरात नाही, आज नुसती गिनती. एकपासून शंभरपर्यंत आकडे बोला. मग वार बोला. मग रायपूरच्या सगळ्या मोहल्ल्यांची नावं, मग नवा रायपूर, मंत्रालय, विमानतळ, हायवे. मग सुटे शब्द. 'सुनहरा अवसर', 'के पास', 'मात्र', 'आज ही', 'सीमित समय', 'सभी कागज़ात', 'साफ़'. माझ्या मनात पाल चुकचुकली. विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, दीदी, दुकानदार ऐनवेळी फोन नंबर बदलतात, तुम्हाला उन्हात परत यावं लागतं, मला वाईट वाटतं. नंबर असला की मी इथंच जोडून घेईन. त्यानं त्या दिवशी समोसे मागवले. आजपर्यंत कधी बिस्कीटसुद्धा दिलं नव्हतं, आणि आज समोसे. मी समोसा उघडून आत पाहिला, खाल्ला आणि सगळी गिनती बोलून आले.

त्यानंतर त्याचे फोन कमी झाले. मला वाटलं, मंदी असेल. मग एका दुपारी मी घरी डाळ निवडत बसले होते आणि गल्लीतून माझा आवाज आला. एका पलंग-गादीच्या दुकानाचा सेल. मी ऐकतच राहिले. मी असं काही बोललेच नव्हते. शब्द माझे, आवाज माझा, पण मधेमधे श्वासच नाही, एकाला एक चिकटवलेले. मी पायात चप्पल न घालता रिक्षामागे धावले. रिक्षावाल्याला काय माहीत, त्याच्या हातात रेकॉर्डिंग दिलं, तो लावून फिरून राहिला. त्या दिवसापासून मी रस्त्यानं चालताना माझाच आवाज कान देऊन ऐकू लागले. कोणता खरा, कोणता जोडलेला, ते ओळखण्यात बाजाराचं सामान विसरायची.

भैयाकडे जाऊन मी काय ते बोलले. तो शांत. म्हणाला, आवाज तुमचाच फिरतोय ना, मग नावही तुमचंच होऊन राहिलं, फुकटात. उलट मलाच समजावलं की मोठे कलाकार असंच पुढे येतात. माझं अंग जळत होतं, पण करणार काय? त्या सुट्या शब्दांवर माझी सही नव्हती आणि त्याचीही नव्हती. मी त्याचं काम सोडलं. कार्डावरचं विश्वसनीय मात्र तसंच राहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. पण त्याच सुमारास राजधानी नव्या रायपुरात हलणार म्हणून चर्चा सुरू होती आणि जो तो प्लॉट विकत होता. एके दिवशी बीरगांवहून मावशीचा फोन आला. आवाज खुलला होता. म्हणाली, घर विकून राहिली मी, गिऱ्हाईक भेटलं. तुया प्लॉट घेऊन राहिली.

मी म्हटलं, माझा कोणता प्लॉट? ती म्हणाली, तू रिक्षातून सांगून राहिली तो, नव्या रायपुरातला.

मावशीचं ते घर म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आमच्या काकानं, कारखान्यात हाडं झिजवून बांधलेल्या दोन खोल्या. काका गेल्यावर ती एकटीच राहायची. बीरगांवात कारखान्यांची काळी धूळ अशी, की दोरीवर वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी काळपट होऊन आत यायचं. मावशीला दम्याचा त्रास. मोकळ्या हवेत राहावं, दारात तुळस नाही तर निदान मोगरा तरी पांढरा फुलावा, एवढीच तिची इच्छा. आणि रोज तिच्या दारावरून रिक्षा जात होती, माझ्या आवाजात सांगत, की मंत्रालयापासून जवळ, सुनहरा अवसर, सभी कागज़ात साफ़.

घर गेलं तर तिला डोकं टेकायला दुसरी जागा नव्हती. मी फोनवर सांगितलं, मावशी, ते माझं रेकॉर्डिंग नाही, ते जोडलेलं आहे, थांब. ती म्हणाली, येड्यावानी काहून बोलून राहिली, मले तुया आवाज ओळखू येत नाही का?

फोनवर सांगून ऐकणाऱ्यांतली ती नव्हती. म्हणून मी आधी तिनं शिकवलं तेच केलं, पाहायला गेले. रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवर बसून नव्या रायपुराकडे निघालो. ते रस्ते काय रुंद. त्यांच्यावर आमची एकच स्कूटर आणि अधूनमधून एखादी गाडी. बसचा पत्ता नाही. रेकॉर्डिंगमध्ये सांगितलेली जागा शोधायला अर्धा दिवस गेला. शेवटी एका बांधावर पत्र्याचा बोर्ड दिसला, त्यावर रंगीत बंगल्याचं चित्र. बोर्डामागे धानाचं शेत, कापणी सुरू. पेंढ्या बांधणाऱ्या एका बाईला विचारलं की इथं प्लॉट विकून राहिले का. तिनं बोर्डाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"ए तो हमर खेत आय, दीदी," ती म्हणाली. "हमन कोनो ला नइ बेचे हन." म्हणजे शेत त्यांचंच, कोणाला विकलेलंच नाही.

नवरा सरकारी माणूस. त्यानं दुसऱ्या दिवशी पटवाऱ्याकडे, म्हणजे तिकडच्या तलाठ्याकडे, ओळख काढून विचारलं. जमीन खरंच त्या बाईच्या घरच्यांच्या नावावर आणि शेतीचीच. घर बांधायला आधी डायवर्शन, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेणं, लागतं, ते झालेलं नाही, कोणी मागितलेलंही नाही. हे सगळं डोक्यात भरून मी बीरगांवला गेले. मावशीनं चहा ठेवला. मी एकेक सांगत गेले आणि तिच्या कपाळावर आठ्या वाढत गेल्या. मला वाटलं, पटून राहिलं तिला.

ती म्हणाली, "खरं सांग. तू तिथं स्वतः प्लॉट घेऊन बसली का? म्हणून मले नाही म्हणून राहिली?"

जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला, पण माझ्यावर कोणी घेतला की कसं वाटतं, ते तोवर माहीत नव्हतं. फार लागलं. मी म्हटलं, मावशी, तू माझ्यावर विश्वास ठेवत नाही आणि त्या भोंग्यावर ठेवते? ती म्हणाली, भोंग्यावर नाही, तुयावरच ठेवून राहिली. तू पाह्यल्याशिवाय बोलत नाही, मीच तुले शिकवलं. मग माईकवर बोलली तेव्हा पाह्यलं होतं, आणि आता इथं बसून म्हणते नाही. दोन्हींतलं कोणतं धरू?

"आवाज माझा आहे मावशी," मी म्हटलं, "बोलणं माझं नाही."

"आन साडीच्या सेलचं?" तिनं विचारलं. "ते तर तुयं बोलणं होतं ना? मंग साड्या पाहून आली होती का?"

मी कुठं साड्या पाहिल्या होत्या? दुकानदारानं लिहून दिलं, मी गोड करून वाचलं, यालाच तर धंदा म्हणतात. चहा तसाच राहिला. मी उठताना तिनं सांगितलं की बयाणा, म्हणजे घराचा विसार, पुढच्या सोमवारी आहे. दारापर्यंत सोडायलाही आली नाही. घरी आल्यावर मी नवऱ्यावर उगाच खेकसले.

त्या आठवड्यात मला कोणीच बरोबर दिसत नव्हतं. गिऱ्हाईक कोण, घर इतक्या घाईनं का घेतं? भैयाला मावशीचं माहीत होतं का? मावशीच्या कानात कोणी भरवलं असेल का, की ही पोट्टी जळते? मी भैयाला फोन केला, तर म्हणाला, दीदी, पार्टीनं पैसे दिले, मी जोडून दिलं, जमिनीचं मला काय माहीत. पोलिसांकडे गेलो तर विचारलं, आवाज कोणाचा? मी म्हटलं, माझा. मग तुम्हीच आधी आत बसा, म्हणाले. नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

राहिला विहाराचा माईक. रविवारी वंदना झाल्यावर मी पुढे गेले. तो माईक आता एका तरुण पोट्ट्याकडे होता, त्यानं मान डोलावून जागा दिली. मावशी पहिल्या रांगेत, पांढरं लुगडं, नजर खाली. रिक्षातला आवाज मुद्दाम घशाबाहेर ठेवला आणि घरात बोलते तशी मराठीत बोलले. सांगितलं की मी शेत पाहून आले, बोर्ड पाहून आले, त्या बाईशी बोलून आले, पटवाऱ्याकडून विचारून आले, तिथं प्लॉट नाहीत, शेत आहे. रिक्षात जो आवाज फिरतो तो माझाच आहे, पण ते मी बोललेले नाही, माझ्या तोंडचे शब्द तोडून जोडले आहेत. आणि हेही सांगितलं, की सेलच्या जाहिराती मी न पाहता वाचते, ते माझं पोट आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. या माईकवरचं मात्र पाहून आलेलं आहे.

पंखे फिरत होते. मावशी उठली, चप्पल घातली आणि निघून गेली. मला वाटलं, गेलं घर.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन करायचं धाडस होईना. तिकडे माझंही काम आटलं. विहारातली बातमी दुकानदारांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? जिचा आवाज आहे तीच म्हणते विश्वास ठेवू नका, मग तिला कोण बोलवील? गुलाबी कार्डं कपाटात पडून राहिली, मुलीनं त्यांच्या मागे गणितं सोडवली. बुधवारी शाळा सुटल्यावर मी सरळ बीरगांवची गाडी धरली.

मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. बस, म्हणाली. घर विकलं की नाही, तिनं सांगितलं नाही आणि मला विचारवेना. दोरीवर लुगडं वाळत होतं, त्यावर काळी धूळ बसायला लागली होती. मी न बोलता तिच्या सुपातले खडे वेचू लागले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. खुशखबर, खुशखबर, खुशखबर. माझाच आवाज, मंत्रालय के पास, सुनहरा अवसर. शेजारच्या घरातली नवी भाडेकरू बाई ऐकायला दारात आली. मला तोंड कुठं लपवू असं झालं.

मावशी गुडघ्यावर हात देऊन उठली. दम लागला होता, तरी गल्लीच्या मधोमध जाऊन रिक्षासमोर उभी राहिली आणि हातातलं सूप आडवं धरलं. रिक्षा थांबली. भोंग्यातून मी बोलतच होते. मावशी त्या शेजारणीकडे वळली.

"आयकू नोको बाई," ती म्हणाली. "आमची पोट्टी पाह्यल्याशिवाय बोलत नाही. हे कोनी दुसरीच हाय."

रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खाली सुपातून सांडलेल्या तांदळाकडे. मावशी परत येऊन बसली आणि म्हणाली, चाल, हे तांदूळ गोळा कर, बयाणा घेतला नाही मी, घर आपलंच हाय, आंगण झाडलेलं हाय.